धाकटीचे पाऊल

आमच्या कर्जतला थंडी पडते म्हणजे काय होते? पहाटे उल्हास नदीवर थोडे धुके उतरते. म्हातारी माणसे डोक्याला मफलर गुंडाळतात आणि ऊन वर आले की तो परत खुंटीला लावतात. अशा गावातल्या एका घराने बर्फावर घसरायला जाण्याचा बेत केला, तर शेजारीपाजारी हसणारच. आम्हांलाही हसले. पण खरे सांगायचे तर तो बेत मी केलाच नव्हता. तो माझ्या मुलाने केला होता, आणि त्या वेळी तो अवघा पाच वर्षांचा होता.

२०२२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात चीनमधील बीजिंग शहरात हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. त्या स्पर्धांत भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान. तो काश्मीरमधील टंगमर्गच्या परिसरातला. उद्घाटनाच्या दिवशी तो तिरंगा हातात घेऊन चालू लागला, तेव्हा आम्ही सारे दूरदर्शनसमोर बसलो होतो. त्याच्याविषयी वर्तमानपत्रात आलेली माहिती मी मुलांना वाचून दाखवली. आरिफच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान होते आणि तो चार वर्षांचा असताना त्यांनीच त्याला स्की शिकवायला सुरुवात केली होती.

हे ऐकून आमचा मुन्ना उठून उभा राहिला. दोन वर्षांच्या बहिणीकडे बोट दाखवून म्हणाला, "अब्बा, म्हणजे छोटी चार वर्षांची झाली की आपणही जायचं ना?"

मी वर्तमानपत्राची घडी घालता घालता "हो" म्हणालो. मुलांना दिलेले असे 'हो' मोठी माणसे विसरून जातात. मुले विसरत नाहीत. त्या दिवसापासून छोटीचा वाढदिवस आला की मुन्ना बोटे मोजू लागला.

स्की म्हणजे पायांना बांधायच्या दोन लांब, चपट्या पट्ट्या. हा शब्द नॉर्वेकडचा. त्याचा मूळ अर्थ चिरलेले लाकूड असा आहे. बर्फाळ देशांत एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यासाठी लोक हजारो वर्षांपासून असे लाकूड पायांना बांधत आले. पुढे त्याचा खेळ झाला. आपल्याकडे गुलमर्गला इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली स्की क्लब काढला. गुल म्हणजे फूल आणि मर्ग म्हणजे कुरण. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान यूसुफ शाह चक याने त्या जागेला हे नाव दिले असे सांगतात. उन्हाळ्यात फुलांनी भरणारे ते कुरण हिवाळ्यात बर्फाखाली झोपी जाते.

मी शाळेत शिक्षक. पाच माणसांना घेऊन काश्मीरला जायचे म्हणजे खिसा चाचपावा लागणार. म्हणून पोस्टात आवर्ती ठेवीचे खाते उघडले आणि दरमहा थोडी थोडी रक्कम टाकू लागलो. २०२३ च्या जून महिन्यात एक कोरी वही घेतली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'गुलमर्ग'. त्याखाली चौकटी आखून एकेका दिवसाचा कार्यक्रम लिहिला. पहिल्या दिवशी श्रीनगर आणि दल सरोवर. दुसऱ्या दिवशी मोगल बागा. तिसऱ्या दिवशी गुलमर्ग, चौथ्या दिवशी पहलगाम, पाचव्या दिवशी सोनमर्ग. एवढा खर्च करून जायचे, तर काही पाहायचे राहू नये, असा माझा विचार. वही मोठ्या अभिमानाने मुलांच्या आईपुढे ठेवली.

तिने ती शांतपणे वाचली. मग विचारले, "यात गावं सगळी आहेत. मुलं कुठे आहेत?"

मला प्रश्न समजला नाही.

"छोटी दुपारी दोन तास झोपते. त्या वेळी तुमचं पहलगाम कुठे असणार? मुन्नाला घाटात गाडी लागते. साध्या खंडाळ्याच्या घाटात त्याचं काय होतं, ठाऊक आहे ना? आणि थोरली काही बोलणार नाही, पण दमली की ती गप्प होते. तिचं गप्प होणं तुमच्या वहीत कुठे लिहिलंय?"

मी वही उचलली आणि पहलगामवर रेघ ओढली. मग सोनमर्गवर ओढली. रेल्वेने जायचे ठरवले होते, तेही खोडले. त्या वेळी काश्मीर खोऱ्याला देशाच्या इतर भागांशी जोडणारी रेल्वे नव्हती. कटरा ते श्रीनगर ही गाडी पुढे ६ जून २०२५ रोजी सुरू झाली. तेव्हा जम्मूपर्यंत एक दिवसाहून अधिक काळ गाडीत बसायचे आणि पुढे घाटातून मोटारीने जायचे, असा मार्ग होता. बर्फ पडला किंवा दरड आली की तो रस्ता बंद होई. लहान मुलांच्या प्रवासात किलोमीटर मोजून भागत नाही, झोपा मोजाव्या लागतात. म्हणून आणखी काही महिने पैसे साठवून मुंबईहून विमानाने जायचे ठरवले. श्रीनगरला एक मुक्काम आणि गुलमर्गला चार, बस्स! वहीतली पाने रिकामी झाली, पण बेत आता खरा वाटू लागला.

एवढ्यात ते घडले.

१९ जुलै २०२३ ची रात्र. चार दिवस पाऊस कोसळत होता. खालापूर तालुक्यात चौक गावाजवळ इर्शाळगड आहे. त्याच्या कुशीत इर्शाळवाडी नावाची ठाकर समाजाची वस्ती होती. रात्री माणसे झोपलेली असताना वरचा डोंगर सुटला आणि वाडीवर आला. वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. मदत करणारी माणसे पावसात, चिखलात डोंगर चढून गेली. हातांनी माती उपसावी लागली. २७ जणांचे मृतदेह मिळाले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. आश्रमशाळेत राहणारी काही मुले त्या रात्री घरी नव्हती म्हणून वाचली. त्यांना परत जायला घर उरले नव्हते.

माझ्या अम्मीचे माहेर चौकचे. लहानपणी तिच्या अंगणातून इर्शाळगडाचे सुळके दिसत. वाडीवरच्या बाया उन्हाळ्यात करवंदे आणि पावसाळ्यात रानभाज्या घेऊन खाली येत. अम्मी त्यांना ओळखत होती. पुढचे चार दिवस ती दूरदर्शनसमोरून उठली नाही. शोधकार्य थांबवल्याची बातमी आली, तेव्हा तिने स्वतः दूरदर्शन बंद केला आणि मला हाक मारली.

"ती वही आण."

मी वही आणली. तिने ती न उघडताच उशीखाली ठेवली. म्हणाली, "डोंगर आपले नसतात रे. आपण त्यांच्या पायाशी राहतो, एवढंच. माझी नातवंडं मी बर्फाच्या डोंगरावर पाठवणार नाही."

मी वाद घातला नाही. वाद घालण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हतेच. पण ती वही उशीखाली गेल्यावर माझ्या लक्षात आले की मी विमानाचे भाडे पाहिले होते, खोलीचे भाडे पाहिले होते, पण डोंगराविषयी काहीच वाचले नव्हते. अम्मीची भीती मला अडाणीपणाची वाटली नाही. अडाणी मीच होतो.

मग मी वाचू लागलो. बर्फाचीही दरड कोसळते. तिला हिमस्खलन म्हणतात. तीव्र उतारावर ताजा बर्फ साठला, की खालच्या थराशी त्याची पकड सैल होते आणि सारा थर एकदम घसरतो. जे स्की शिकलेले लोक आखलेली वाट सोडून उंच, निर्जन उतारांवर जातात, त्यांना हा धोका अधिक असतो. नवशिक्यांची जागा निराळी असते. गुलमर्गच्या मधोमध जे मोकळे कुरण आहे, तिथे अगदी हलका उतार आहे, आणि लहान मुले तिथेच शिकतात. उंचीचीही एक गोष्ट कळली. आपले कळसूबाई शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, १६४६ मीटर. गुलमर्गचे कुरणच सुमारे २६५० मीटरवर आहे. तिथून तारेवर चालणारा पाळणा, म्हणजे गंडोला, आधी कोंगडोरीला नेतो आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगरावर जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत चढवतो. तिथली हवा इतकी विरळ असते, की समुद्रकाठच्या मानाने प्रत्येक श्वासाला सुमारे ४० टक्के कमी प्राणवायू मिळतो. मोठ्या माणसांचेही डोके दुखते. लहान मूल तर काय होते ते नीट सांगूही शकत नाही.

हे सारे मी एका कागदावर लिहिले. कुठे जायचे, कुठे जायचे नाही, बर्फ पडत असेल तर काय करायचे. तो कागद अम्मीला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग उशीखालची वही काढून माझ्या हातात दिली.

"एक गोष्ट लिही," ती म्हणाली. "तुमच्यातलं सगळ्यात लहान जिथे पुरे म्हणेल, तिथून मागे फिरायचं. पुढे सोनं सांडलेलं असलं तरी."

मी लिहिले. अम्मीने त्या दिवसापासून लोकरीच्या टोप्या विणायला घेतल्या.

डिसेंबरमध्ये आम्ही रंगीत तालीम केली. आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ एक मोठे मनोरंजन उद्यान आहे. तिथे २०१६ साली कृत्रिम बर्फाचे दालन सुरू झाले. बाहेर कोकणातले ऊन आणि दाराच्या आत शून्याखालची थंडी! दाराशी जाड कोट आणि बूट मिळाले. हातमोजे मात्र मी घरचेच घातले. सुती होते, पण चांगले जाड होते. मुन्नाने आत जाताच बर्फाचे गोळे करायला सुरुवात केली. दहा मिनिटांत त्याचे हातमोजे भिजले. छोटीने एक मूठ बर्फ उचलला, तोंडाजवळ नेला आणि भोकाड पसरले. तिची बोटे लाल झाली होती. मी तिला उचलून बाहेर धावलो.

त्या दहा मिनिटांनी मला जे शिकवले, ते महिनाभराच्या वाचनाने शिकवले नव्हते. सुती कापड ओलावा धरून ठेवते आणि अंगातली ऊब पळवते. बर्फात लोकर हवी. एकच जाड कपडा घालण्यापेक्षा तीन थर बरे. आतला अंगाला चिकटून बसणारा, मधला लोकरीचा, वरचा पाणी आणि वारा अडवणारा. लहान मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहतील असे मोजे चांगले, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. मुलांचे अंग लहान असल्यामुळे ते आपल्यापेक्षा लवकर गार पडते. म्हणून मोठ्यांना थंडी वाजू लागण्याची वाट पाहायची नाही. बर्फावरून उलटणाऱ्या उन्हाने डोळे दुखतात, म्हणून काळे चष्मेही हवेत. मी यादी केली. काही कपडे विकत घेतले, काही मागून आणले. कर्जतमध्ये लोकरीचे कपडे मागत फिरणारा मनुष्य बहुधा मी पहिलाच असेन.

जानेवारी २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यातली तिकिटे होती. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याची थंडी असते. तिला चिल्ले कलान म्हणतात. चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांचा काळ, आणि कलान म्हणजे मोठा. बर्फ पडायचा तो याच दिवसांत. पण निघायला आठ दिवस उरले असताना गुलमर्गच्या आमच्या यजमानांचा फोन आला. आम्ही ज्यांच्या घरी उतरणार होतो, ते गृहस्थ वयाने मोठे होते. ते म्हणाले, "मास्तर, इथे बर्फ नाही. कुरण तपकिरी दिसतंय. तुम्ही आलात तर माझी खोली भरेल. पण मुलांना माती दाखवायला एवढ्या लांबून बोलावू का? थोडं थांबा."

ते खरेच होते. भूमध्य समुद्राकडून येणारे वारे काश्मीरला हिवाळी पाऊस आणि बर्फ आणतात. त्या वर्षी ते वारे आलेच नाहीत. जानेवारीच्या मध्यापर्यंत गुलमर्ग कोरडे होते. ती छायाचित्रे देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली.

मुन्ना कोपऱ्यात जाऊन बसला. तिकिटांची तारीख बदलायला जादा पैसे पडले. मला राग आला, पण कुणावर काढावा हे कळेना. वाऱ्यावर का कोणी रागावतो? मुलांची आई म्हणाली, "बेत मोडला नाही. बेत वाट पाहतोय." आपले नुकसान सोसून खरे बोलणाऱ्या त्या यजमानांची मात्र मला रोज आठवण येई.

जानेवारीच्या अखेरीस बर्फ पडला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. अम्मी आली नाही. दारात उभी राहून तिने एकेका टोपीची कड खाली ओढली आणि मला फक्त एवढेच म्हणाली, "वहीतलं शेवटचं वाक्य."

गुलमर्गला पहिल्या दिवशी आम्ही काहीच केले नाही. मुलांना विरळ हवेची सवय व्हावी म्हणून नुसते फिरलो. यजमानांच्या घरी सर्वांनी कांगडीभोवती बसून मिठाचा गुलाबी चहा घेतला. छोटीने तोंड वाकडे केले आणि तरी कप सोडला नाही. दुसऱ्या दिवशी एक शिक्षक आले. त्यांनी मुलांना आधी पडायला शिकवले. पुढे पडायचे नाही, कुशीवर पडायचे. मग आडव्या पावलांनी उतार चढायला शिकवले. सर्वांत शेवटी थांबायला शिकवले. स्कीची पुढची टोके जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, की वेग कमी होतो. थोरली तिसऱ्या दिवशी न पडता वीसेक पावले उतरली आणि खाली जाऊन आपोआप थांबली. तिने मागे वळून पाहिले. ती काही बोलली नाही, पण हे तिचे नेहमीचे दमल्याचे गप्प होणे नव्हते. मुन्ना किती वेळा पडला याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी उठून तो ओरडे, "कुशीवर पडलो!"

छोटीने स्की पायाला लावल्या, दोन पावले टाकली आणि त्या काढायला लावल्या. तिला घसरगाडी आवडली. "आरिफ खान चार वर्षांचा असतानाच शिकला होता," मुन्नाने तिला सुनावले. ती म्हणाली, "मी पाचची झाल्यावर."

चौथ्या दिवशीची गंडोलाची तिकिटे मी आधीच काढून ठेवली होती. घरी अम्मीला वाचून दाखवलेल्या कागदावर मी पहिल्याच टप्प्यापर्यंत जाण्याचे लिहिले होते. पण तिकिटे काढताना माझा मोह आवरला नाही. दुसऱ्या टप्प्याचीही काढली. वर आकाश निळेशार होते. कोंगडोरीला उतरलो, तेव्हा अफरवटचा माथा हाताशी आल्यासारखा दिसत होता. लोक पुढच्या पाळण्यासाठी रांगेत उभे होते. आम्हीही उभे राहिलो. आयुष्यात पुन्हा इथे कधी येणार? एवढे पैसे भरलेले. मी मनाशी हिशेब करत होतो.

छोटीने माझा कोट ओढला. "अब्बा, पुरे."

"अजून थोडंच आहे," मी म्हणालो.

तिने टोपी डोळ्यांवर ओढली आणि खालीच बसली. रडली नाही, हट्ट केला नाही. नुसती बसली. मुलांच्या आईने माझ्याकडे पाहिले. थोरलीनेही पाहिले. मला वाटते, त्या दोघींना वहीतले शेवटचे वाक्य पाठ होते.

मी तिला उचलले आणि आम्ही रांगेतून बाहेर पडलो.

वर काय झाले, असे तुम्ही विचाराल. वर काहीच झाले नाही. दिवसभर ऊन होते. जे गेले, ते आनंदाने खाली आले आणि वरून हिमालयाच्या रांगा कशा दिसल्या ते सांगू लागले. मी ऐकत होतो. हळहळ वाटली नाही असे म्हटले, तर खोटे होईल. पण छोटी गंडोलातून उतरताना माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती, आणि तिचे कपाळ नेहमीपेक्षा गरम होते. रात्री तिला थोडा ताप आला. सकाळी उतरला. नुसता थकवा होता, की वर जाऊन वाढला असता, हे कोण सांगणार? नियम पाळला की न टळलेले संकट दिसत नाही आणि टळलेलेही दिसत नाही.

मुंबईला उतरून मोटारीने कर्जतकडे निघालो. पनवेल मागे पडले आणि संध्याकाळच्या उजेडात इर्शाळगडाचे सुळके दिसू लागले. फेब्रुवारीतला डोंगर कोरडा, शांत, कुणाचे काही केलेच नाही असा उभा होता. मुले झोपली होती. चौकला वळताना मी गाडी थोडी हळू घ्यायला सांगितली.

घरी अम्मी दारातच होती. तिने आधी तीन टोप्या मोजल्या, मग तीन डोकी कुरवाळली. मग मला विचारले, "डोंगराच्या माथ्यावर गेला होतास का?"

"नाही," मी म्हणालो. "छोटी मधेच पुरे म्हणाली."

अम्मी काही बोलली नाही. आत जाऊन तिने चहाचे आधण ठेवले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "पुढच्या वेळी ती पाच वर्षांची असेल. तेव्हा मीही येते."